टर्बो गाडीचे ऑइल : पातळ की दाट? – वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या स्तंभाकडे ऑइलविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांतील बहुतेक पत्रे टर्बो गाडी वापरणाऱ्यांची आहेत. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा दाबणारा पंखा. पूर्वी टर्बो म्हटले की डिझेल जीप आणि ट्रक डोळ्यांसमोर येत. आता एक लिटरच्या लहान पेट्रोल गाड्यांतही टर्बो आला आहे. ऑइलविषयीच्या आपल्या समजुती मात्र अजून कार्ब्युरेटरच्या काळातल्याच आहेत. म्हणून या वेळी एका पत्राला सविस्तर उत्तर देत आहे आणि बाकीची त्यामागोमाग घेत आहे.

प्रश्न : माझ्याकडे एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये तिच्यात ५डब्ल्यू-३० ऑइल भरतात. पुस्तिकेत मात्र ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० अशा दोन्ही ग्रेड दिलेल्या आहेत. आमच्या ओळखीचे अनुभवी मेकॅनिक सांगतात की ही बर्फाळ देशांतली पातळ तेले आहेत, ठाण्याच्या उन्हाळ्यात टर्बो टिकवायचा असेल तर १५डब्ल्यू-४० किंवा थेट २०डब्ल्यू-५० भरा. मी रोज घोडबंदर रस्त्याने माजिवड्यापर्यंत ये-जा करतो आणि दोन महिन्यांतून एकदा कुटुंबासह कसारा घाट चढून नाशिकला जातो. मी कोणते ऑइल निवडावे?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे (पश्चिम)

उत्तर : प्रथम थेट उत्तर देतो. आपल्या पुस्तिकेत ज्या दोन ग्रेड दिल्या आहेत त्यांपैकीच एक निवडावी, आणि आपण वर्णन केलेल्या वापरासाठी मी ५डब्ल्यू-४० निवडेन. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० या गाडीत भरू नये. आपल्या मेकॅनिकचे म्हणणे ऐकायला पटण्याजोगे आहे आणि अनेक जाणकार माणसे ते मनापासून सांगतात, म्हणून त्याची नीट फोड करणे मला आवश्यक वाटते.

डब्यावरचे आकडे ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या वर्गीकरणातून येतात. या संस्थेने ऑइलचे पहिले वर्गीकरण १९११ मध्ये केले. आज ते ‘जे ३००’ या प्रमाणाने ओळखले जाते. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतल्या चाचणीचा असतो. ५डब्ल्यू ऑइलची ही चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. येऊरच्या पायथ्याशी जानेवारीच्या पहाटेसुद्धा आपल्याकडे अशी थंडी पडत नाही, त्यामुळे हा आकडा आपल्या हवामानासाठी काढलेला नाही, एवढ्यापुरते मेकॅनिकचे म्हणणे खरे आहे.

गफलत पुढच्या पायरीवर होते. ‘डब्ल्यू’नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या दाटपणाचा असतो. ४० ग्रेडसाठी तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) पट्ट्यात असावा लागतो, मग त्याआधी ५डब्ल्यू असो वा १५डब्ल्यू. याचा अर्थ असा की इंजिन तापल्यानंतर, म्हणजे ज्या वेळी उन्हाळ्याची काळजी करायची त्या वेळी, ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० जवळपास सारखेच दाट असतात. १५डब्ल्यू घेऊन उन्हाळ्यासाठी जादा संरक्षण मिळत नाही. जादा दाटपणा मिळतो तो फक्त इंजिन थंड असताना, आणि नेमका त्याच वेळी तो नको असतो.

हे आकड्यांत पाहू. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना १० ते १२ सेंटिस्टोक असते; तेच ४० अंशांना ६० ते ७० सेंटिस्टोक भरते. १५डब्ल्यू-४० हे ४० अंशांना १०५ ते ११५ च्या घरात जाते. मे महिन्यातही सकाळी सातला इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन ४० अंशांवर नसते. ते २७-२८ अंशांवर असते, आणि तेथे दोन्ही तेले याहून बरीच दाट असतात. म्हणजेच ठाण्यातल्या भर उन्हाळ्यातसुद्धा गाडी सुरू करताना ऑइल कधीच ‘फार पातळ’ नसते. इंजिनाला चालताना जेवढे हवे त्याच्या कित्येक पटींनी ते दाट असते. पंपाने ते ओढून, फिल्टरमधून ढकलून, अरुंद नळीने टर्बोपर्यंत पोहोचवायचे असते, आणि तेवढ्या अवधीत टर्बोचा शाफ्ट मागच्या वेळी उरलेल्या पुसट थरावर फिरत असतो.

हा शाफ्ट कसा फिरतो, हे समजले की बाकीचे आपोआप समजते. लहान पेट्रोल टर्बोचा शाफ्ट पूर्ण जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. त्याच वेळी इंजिन पाच-सहा हजारांवर असते. त्याच्या एका टोकाच्या चाकावर, म्हणजे टर्बाइनवर, ९०० अंशांपुढे तापलेला धूर आदळत असतो आणि दुसऱ्या टोकाचे चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा दाबत असते. मधल्या भागात बहुतेक टर्बोंमध्ये बॉल बेअरिंग नसते. पितळी बुश असतात, आणि ते बुशही ऑइलवर तरंगत स्वतः फिरतात. शाफ्ट आणि बुश यांच्यात एक थर, बुश आणि कवच यांच्यात दुसरा थर, आणि दोन्ही थरांची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. तेथे ऑइलला दोन कामे असतात. एक म्हणजे धातूला धातू लागू न देणे, आणि दुसरे, जे आपण विसरतो, ते म्हणजे तेथली उष्णता सतत वाहून नेणे. पहिल्या कामासाठी दाटपणा लागतो, दुसऱ्यासाठी वाहतेपण. टर्बोच्या ऑइलची निवड म्हणजे या दोहोंचा मेळ घालणे होय.

गरजेपेक्षा दाट ऑइल भरले की दाब वाढतो, इंजिनाचा आवाज थोडा मऊ होतो आणि माणसाला समाधान वाटते. पण दाब म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा. तो वाढला याचा अर्थ बेअरिंगला जास्त ऑइल मिळाले असा होत नाही. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह ठरावीक दाबाला उघडतो आणि जादा ऑइल परत खाली चेंबरमध्ये सोडून देतो. त्याखेरीज हल्लीच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते आणि पिस्टनच्या खालून थंडाव्यासाठी ऑइलची बारीक पिचकारी मारलेली असते. या सगळ्याचे हिशेब विशिष्ट दाटपणा धरून केलेले असतात. २०डब्ल्यू-५० भरले म्हणून इंजिन लगेच बंद पडणार नाही, हेही खरे; पण सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत ते रोज थोडे उपाशी राहील, आणि ही झीज टर्बो उघडल्याशिवाय दिसत नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर पुस्तिकेबाहेरच्या ग्रेडमुळे दाव्यात अडचण येऊ शकते, ते वेगळेच.

आता ५डब्ल्यू-३० की ५डब्ल्यू-४० हा खरा प्रश्न. येथे केवळ १०० अंशांचा आकडा पुरत नाही, कारण बेअरिंगमधला थर त्याहून बराच तापतो आणि जोराने घासला जातो. म्हणून ‘एचटीएचएस’ नावाची आणखी एक चाचणी असते. तीत ऑइल १५० अंशांना, अतिशय वेगाने कातरले जात असताना किती दाट राहते ते मोजतात. ३० ग्रेडसाठी हा आकडा किमान २.९ असावा लागतो, ५डब्ल्यू-४० साठी किमान ३.५. घाट चढताना, गाडीत पाच माणसे आणि सामान असताना, टर्बो सतत दाब देत असताना हा फरक उपयोगी पडतो. म्हणून मी ४० कडे झुकलो.

मात्र दुकानात जाताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे एकसारखे असतीलच असे नाही. ‘एसीईए’ या युरोपीय मोटार उत्पादकांच्या संघटनेचे ‘ए३/बी४’ हे प्रमाण ज्या डब्यावर असते, त्याचा एचटीएचएस ३.५ च्या खाली चालत नाही, मग ग्रेड ३० असली तरी. म्हणजे ए३/बी४ दर्जाचे ५डब्ल्यू-३० ऑइल उष्णतेत ४० ग्रेडच्या पंगतीला बसते. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे यापेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते वाचण्याची सवय लावून घ्यावी. ते पुस्तिकेतल्या प्रमाणाशी ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात.

त्याच बारीक अक्षरांत पेट्रोल टर्बोसाठी ‘एपीआय एसपी’ हे शब्द शोधावेत. एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था आहे आणि एसपी हा तिचा एक दर्जा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत एक विशेष धोका असतो. कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते आणि त्याचा दणका पिस्टनवर बसतो. तो जोराचा असेल तर पिस्टनची कड किंवा रिंग तुटते. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त स्वच्छताद्रव्याचे प्रमाण जास्त असेल तर हे अधिक वेळा घडते, असे संशोधनात आढळले, आणि त्यानंतर उत्पादकांनी त्यातला काही भाग मॅग्नेशियमयुक्त द्रव्याने बदलला. या धोक्याची चाचणी प्रथम २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ दर्जात आली आणि २०२० पासूनच्या ‘एसपी’ दर्जात ती कायम आहे. ट्रकसाठी बनवलेले १५डब्ल्यू-४० आपल्या गाडीत नको म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे. चालवणाऱ्याच्या हातातही यावर एक उपाय आहे. कसाऱ्याच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर गाडी रेटत नेऊ नये. एक-दोन गिअर खाली घ्यावेत आणि इंजिनाला मोकळेपणाने फिरू द्यावे.

राहिला घोडबंदर रस्ता. तेथल्या उन्हाची भीती घालण्यात येते, पण ऑइलचे तापमान बाहेरच्या हवेवर आपल्याला वाटते तेवढे अवलंबून नसते, कारण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिन एका ठरावीक तापमानाजवळ राखतात. तेथला खरा त्रास वाहतुकीचा आहे. किलोमीटर कमी भरतात आणि इंजिनाचे तास जास्त. कापूरबावडीच्या अलीकडे अर्धा तास रांगेत उभी असलेली गाडी मीटरवर दोन किलोमीटर दाखवते. म्हणून दहा हजार किलोमीटरचा आकडा आपल्यासारख्यांसाठी फसवा आहे. बहुतेक पुस्तिकांत खडतर वापराचे वेगळे कोष्टक असते. त्यात थांबत-थांबत चालणारी वाहतूक आणि छोट्या फेऱ्या यांचा उल्लेख असतो, आणि ऑइल लवकर बदलायला सांगितलेले असते. ठाण्यात राहणाऱ्याने ते कोष्टक आपलेच समजावे.

छोट्या फेऱ्यांचे नुकसान मी अलीकडेच जवळून पाहिले. घर ते ठाणे स्टेशन, रोज जेमतेम चार-पाच किलोमीटर चालणारी एक टर्बो पेट्रोल गाडी आमच्या वागळे इस्टेटमधल्या कार्यशाळेत आली होती. तक्रार काहीच नव्हती, नेहमीची सर्व्हिस होती. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, बाहेर काढून नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा स्पष्ट वास येत होता. तिच्या टोकाचा एक थेंब मी पांढऱ्या फिल्टर पेपरवर टाकला आणि कागद तासभर बाजूला ठेवला. मध्यभागी काळसर ठिपका राहिला, त्याभोवती राखाडी कडे पसरले आणि त्याच्याही बाहेर पिवळट, पाण्यासारखे पारदर्शक रुंद वर्तुळ उमटले. ते बाहेरचे वर्तुळ इंधनाचे होते. थेट फवारणीच्या इंजिनात थंड असताना थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतेच. लांबच्या प्रवासात ऑइल तापले की ते उडून जाते, पण पाच किलोमीटरमध्ये ऑइल पुरते तापतच नाही. काट्यावर पाणी गरम झालेले दिसते, तरी ऑइल त्याच्या मागे असते. काही टक्के पेट्रोल मिसळले की ३० ग्रेडचे ऑइल २० च्या पट्ट्यात उतरू शकते. त्या गृहस्थांना मी दाट ऑइल भरायला सांगितले नाही. आठवड्यातून एकदा गाडी पूर्वद्रुतगती मार्गावर निदान अर्धा-पाऊण तास सलग चालवायला सांगितले, आणि ऑइल पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलायला सांगितले.

आपल्याकडे ५डब्ल्यू-४० मिळाले नाही तर ५डब्ल्यू-३० वर गाडी नि:शंक चालवावी, पण बदलण्याची मुदत ताणू नये. मुदतीत बदललेले ३० ग्रेडचे ऑइल हे वर्षानुवर्षे तसेच ठेवलेल्या ४० पेक्षा टर्बोला नेहमीच चांगले.

प्रश्न : माझ्या नव्या टर्बो पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत फक्त ०डब्ल्यू-२० ही एकच ग्रेड दिली आहे. इतके पातळ ऑइल केवळ कंपनीला मायलेजचे आकडे चांगले दाखवता यावेत म्हणून देतात, असे ऐकले. हे खरे आहे का, आणि मी ५डब्ल्यू-३० भरू का?
– एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : जे ऐकले त्यात तथ्य आहे. पातळ ऑइलमुळे अंतर्गत घर्षण कमी होते आणि इंधन थोडे वाचते. भारतात कंपन्यांच्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर २०१७-१८ पासून मर्यादा आहेत आणि २०२२-२३ पासून त्या अधिक कडक झाल्या, त्यामुळे उत्पादकांचा कल पातळ ऑइलकडे आहे. एसएईने २०१३ मध्ये १६ ही ग्रेड आणि २०१५ मध्ये १२ व ८ या ग्रेड वर्गीकरणात घेतल्या, त्यामागेही हीच ओढ आहे.

तरीही आपल्याला माझे सांगणे ०डब्ल्यू-२० वरच राहण्याचे आहे. जे इंजिन २० ग्रेडसाठी काढलेले असते त्याचा पंप, बेअरिंगमधल्या फटी, रिंगांचा ताण आणि व्हॉल्व्हची यंत्रणा त्याच ग्रेडला धरून ठरवलेली असतात. काही उत्पादक एकाच इंजिनासाठी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या ग्रेड सांगतात, म्हणून परदेशातली पुस्तिका वाचून निर्णय घेऊ नये. भारतातल्या गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दुसरी ग्रेड दिली असेल तरच ती वापरावी. आपल्या पुस्तिकेत ती नाही. तेव्हा दर्जेदार, पूर्ण सिंथेटिक, एसपी दर्जाचे ०डब्ल्यू-२० भरावे आणि खडतर वापराच्या कोष्टकाप्रमाणे ते बदलत राहावे.

प्रश्न : माझी बीएस-६ टर्बो डिझेल गाडी नेरुळहून वाशीला रोज जाते-येते. गेल्या दोन महिन्यांत डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढली आहे. मी वरून काहीही टाकलेले नाही. ऑइल वाढते आहे म्हणजे इंजिन उत्तम आहे, असे एकाने सांगितले.
– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : असे सांगणाऱ्याचा सल्ला कृपया मानू नका. ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल मिसळते आहे. बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. ती भरली की इंजिन स्वतःहून जादा डिझेल फवारून धुराचे तापमान वाढवते आणि काजळी जाळून टाकते. या कामाला सलग, वेगातला प्रवास लागतो. नेरुळ ते वाशी एवढ्याशा अंतरात ते सुरू होते आणि आपण गाडी बंद केल्यावर अर्धवट राहते, पुन्हा दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि दर खेपेला थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते.

यामुळे ऑइल पातळ होते आणि त्याचा पहिला फटका टर्बोच्या बेअरिंगला बसतो. पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेली तर ऑइल हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये ओढले जाऊन इंजिन किल्ली बंद केल्यावरही आपल्याच ऑइलवर भरधाव चालू राहण्याचा धोका असतो. म्हणून आजच डिपस्टिक पाहा. पातळी वरच्या खुणेवर असेल तर गाडी दूरवर नेऊ नका आणि ऑइल व फिल्टर दोन्ही बदलून घ्या. केवळ जादा ऑइल काढून टाकणे पुरेसे नाही, कारण उरलेलेही पातळच आहे. त्यानंतर आठवड्यातून एकदा सायन-पनवेल महामार्गावर किंवा पनवेलपुढे द्रुतगती मार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवा, म्हणजे जाळीची सफाई पुरी होईल. तरीही पातळी वाढत राहिली तर इंजेक्टर तपासावे लागतील.

आपल्या बाबतीत दाटपणापेक्षा राखेचा आकडा महत्त्वाचा आहे. ऑइल जळले की त्यातल्या धातूंची राख जाळीत अडकते, आणि काजळीप्रमाणे ती जळून जात नाही. एसीईए ‘सी३’ दर्जाच्या ऑइलमध्ये ही राख ०.८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. ए३/बी४ मध्ये ती त्याच्या दुपटीपर्यंत असू शकते. पहिल्या पत्राच्या उत्तरात पेट्रोल गाडीसाठी मी ज्या ए३/बी४ चा उल्लेख केला तेच ऑइल डीपीएफच्या डिझेल गाडीला अयोग्य ठरते, हे लक्षात ठेवावे. पुस्तिकेत सी२ किंवा सी३ यांपैकी जे लिहिले असेल तेच घ्यावे.

प्रश्न : माझी जुनी टर्बो डिझेल गाडी एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी सुरू करताना आणि मुंब्रा बायपासचा उतार संपवून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर येतो. ऑइल कमी होते. टर्बो गेला, नाहीतर दाट ऑइल भरून वेळ काढा, असे दोन पर्याय मला सांगण्यात आले आहेत.
– एक वाचक, कळवा, ठाणे

उत्तर : दोन्ही पर्यायांच्या आधी एक तिसरी गोष्ट पाहायची असते, आणि ती पाहायला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

टर्बोमधले ऑइल दाबाने आत येते, पण बाहेर पडताना केवळ स्वतःच्या वजनाने जाड नळीतून खाली इंजिनात उतरते. ही परतीची नळी गाळाने अरुंद झाली किंवा इंजिनाच्या चेंबरमधला वायुदाब वाढला, तर ऑइल टर्बोत साचते. टर्बोला रबरी ऑइल सील नसते. पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची रिंग असते, आणि साचलेले ऑइल ती अडवू शकत नाही. मग ते टर्बाइनच्या बाजूने बाहेर पडते आणि निळा धूर येतो. अशा वेळी धड असलेला टर्बो काढून नवा बसवला तरी महिन्याभरात तोही धूर सोडू लागतो. एका ग्राहकाने दुसरीकडे असा नवा टर्बो बसवून घेतल्यावर ती गाडी आमच्याकडे आली होती. परतीच्या नळीत स्क्रू ड्रायव्हर घातला तर डांबरासारखा काळा, चिवट थर खरवडून निघाला आणि आत बोटभर रुंदीच्या जागी पेन्सिलएवढी वाट उरली होती. नळी आणि श्वसनमार्ग साफ केल्यावर धूर थांबला.

म्हणून प्रथम परतीची नळी, इंजिनाचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारा श्वसनमार्ग) आणि एअर फिल्टर तपासून घ्या. त्यानंतर एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून कॉम्प्रेसरचे चाक बोटांनी हलवून पाहायला सांगा. बाजूला किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे, कारण बुश ऑइलवर तरंगणारे असतात आणि इंजिन बंद असताना त्यांत ऑइलचा दाब नसतो. पण चाक कवचाला टेकत असेल, पात्यांच्या कडा घासलेल्या दिसत असतील किंवा शाफ्ट पुढेमागे सरकत असेल, तर टर्बो खरोखर दुरुस्तीला आला आहे. तो उघडला तर ऑइल आणणारी नळी नवीच घाला आणि तिच्या बोल्टमध्ये बारीक जाळी आहे का ते पाहा. कार्बनने भरलेली ती जाळी तशीच राहिल्याने दुरुस्त केलेले टर्बो पुन्हा जातात. उतारानंतरचा धूर व्हॉल्व्हच्या सीलमुळेही येतो, तेव्हा टर्बो निर्दोष निघाला तर पुढची तपासणी तेथे करावी.

दाट ऑइलविषयी एवढेच म्हणतो की आपली पुस्तिका १५डब्ल्यू-४० ला परवानगी देत असेल आणि गाडीला डीपीएफ नसेल, तर एवढ्या चाललेल्या इंजिनात ते भरायला माझी हरकत नाही. ऑइलचा खप काहीसा कमी होईल. पण तुंबलेल्या नळीतून दाट ऑइल आणखी सावकाश उतरते. आधी नळी साफ करा, मग ग्रेडचा विचार करा.

प्रश्न : खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला थांबल्यावर इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे का? मुले गाडीत बसून कंटाळतात.
– एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : एक मिनिट पुरते. इंजिन बंद होताच ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बाइनची उष्णता बेअरिंगमध्ये शिरते. तेथे अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंभोवती पाणी फिरत असते, त्यामुळे पूर्वीएवढा धोका राहिलेला नाही. घाट संपल्यावर शेवटचा एखाद-दोन किलोमीटर गाडी सौम्य चालवली तर ते मिनिटही लागत नाही, आणि घरी सावकाश पार्किंगमध्ये शिरलेली गाडी तर लगेच बंद करावी.

प्रश्न : प्रवासात ऑइल कमी पडले आणि आपल्या कंपनीचे मिळाले नाही, तर दुसऱ्या कंपनीचे टाकलेले चालते का? तसेच बाजारातले ऑइल अस्सल आहे हे कसे ओळखावे?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : चालते. एपीआय दर्जाची इंजिन ऑइले एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात. शक्यतो तीच ग्रेड आणि तोच दर्जा घ्यावा. तोही मिळाला नाही तर जवळच्या ग्रेडचे अर्धा लिटर टाकून पुढे जावे, कारण कमी ऑइलवर टर्बो चालवणे हे ग्रेड थोडी बदलण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे असते. गावी पोहोचल्यावर किंवा परतल्यावर संपूर्ण ऑइल बदलून घ्यावे.

अस्सलपणासाठी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिल घेऊन खरेदी करावी, झाकणाचे सील आपल्यासमोर तोडायला लावावे आणि डब्यावर छापलेली तारीख व बॅच क्रमांक खोडलेला नाही ना, ते पाहावे. नाव मोठे आणि किंमत फारच कमी असेल तर तो डबा तेथेच ठेवावा. ऑइल भरून झाल्यावर रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. सुरीने त्याच्या बाजूला दोन इंचांची चीर द्यावी आणि मग तो भंगारात टाकावा, म्हणजे त्यात जुने गाळलेले ऑइल भरून तो पुन्हा कोणाच्या हाती जाणार नाही.